कादंबरीकाराचा धीर

गोंदिया शहराजवळ नागरा नांवाचें गांव आहे. तेथील प्राचीन शिवमंदिर पाहावयास गेलेला मनुष्य हात जोडतो, प्रदक्षिणा घालतो, दगडी भिंती क्षणभर न्याहाळतो आणि परत फिरतो. हा दगड खाणींतून केव्हां निघाला, तो घडवितांना पाथरवटाच्या किती छिन्न्या बोथट झाल्या, हे प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहींत. पुरें झालेलें काम आपल्या मागचे श्रम झांकून टाकतें. कादंबरीचेंही असेंच आहे. दोन रात्रींत वाचून हातावेगळी केलेली कादंबरी लिहिणारानें दोन किंवा तीन वर्षें उरावर वागविलेली असते, हें वाचकास कळत नाहीं, आणि कळावें अशी त्याची इच्छाही नसते. तथापि मराठी कादंबरीच्या इतिहासांत एक गृहस्थ असा होऊन गेला कीं, त्याचे श्रम वाचकांच्या डोळ्यांदेखत, दर आठवड्यास, छापून बाहेर पडत होते. ते गृहस्थ म्हणजे हरि नारायण आपटे. कादंबरी लिहिण्यास धीर लागतो म्हणतात तो कोणत्या प्रकारचा, हें पाहावयाचें असेल तर त्यांच्याच चरित्राकडे वळलें पाहिजे.

आपल्या भाषेंत या वाङ्मयप्रकारास जें नांव पडलें, तेंच मुळीं एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाचें आहे. सातव्या शतकांत सम्राट् हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टानें 'कादंबरी' ही गद्यकथा लिहावयास घेतली. परंतु ती तडीस जाण्यापूर्वींच त्याला मृत्यूनें गांठलें, आणि उत्तरभाग त्याच्या पुत्रानें लिहून पुरा केला. इंग्रजी भाषेनें या प्रकारास नवलाईचें नांव दिलें. मराठीनें मात्र बापानें आरंभिलेल्या आणि मुलानें संपविलेल्या एका दीर्घ कामाचें नांव दिलें. हा योगायोग असेल. पण तो अर्थपूर्ण आहे. ज्या कामाचा शेवट आरंभ करणाराच्या हातून होईलच अशी शाश्वति नाहीं, असें हें काम आहे.

हरिभाऊंच्या पूर्वीं मराठींत कादंबरी नव्हती असें नाहीं. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि हिंदु विधवांची स्थिति हा त्याचा विषय होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. या पुढच्या दोन कथांत अद्भुताचा भरणा मोठा. संकटें येतात, टळतात, आणि शेवटीं सर्वांचें कल्याण होतें. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनीं 'विविधज्ञानविस्तार' मासिकांतून 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी क्रमशः दिली, आणि १८७१ सालीं ती पुस्तकरूपानें निघाली. म्हणजे हप्त्याहप्त्यानें कादंबरी देण्याची वहिवाट हरिभाऊंच्या लहानपणींच पडलेली होती. त्यांनीं तिचा आरंभ केला नाहीं. त्यांनीं ती वहिवाट जन्मभर पाळली, आणि त्यांचें वेगळेपण याच पाळण्यांत आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांतील पारोळें येथें झाला. शिक्षण मुंबईस आणि पुढें पुण्यास झालें. संस्कृतांत त्यांस गति होती, इंग्रजी ग्रंथांचें वाचन अफाट होतें, परंतु पदवी कांहीं त्यांच्या पदरांत पडली नाहीं. कॉलेज अर्धवट सुटलेल्या या तरुणानें १८८५ सालीं 'मधली स्थिति' ही पहिली कादंबरी 'पुणें वैभव' पत्रांतून देण्यास आरंभ केला. तिला रेनॉल्ड्स या इंग्रजी लेखकाच्या कृतीचा आधार होता. पण मद्यपान, ढोंग आणि नव्या शिक्षणानें गोंधळलेले तरुण यांचें चित्र पुण्याचेंच होतें. त्यानंतर त्यांनीं 'गणपतराव' ही कादंबरी हातीं घेतली, आणि ती अपुरीच राहिली. म्हणजे लेखनाच्या आरंभींच त्यांस दोन्ही अनुभव आले: काम शेवटास नेण्याचा आणि काम हातून सुटण्याचाही.

१८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या वादानें पुण्यांतील हवा त्या वेळीं तापलेली होती. 'करमणुकी'नें वादाचा मार्ग सोडून मनोरंजनाच्या वाटेनें घरांत शिरावयाचें ठरविलें. तिच्या स्तंभांतून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी सुरू झाली. त्या वेळीं हरिभाऊंचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें, आणि कथा सांगणारी होती यमू नांवाची एक ब्राह्मण घरची मुलगी.

साप्ताहिकांत कादंबरी चालू असणें म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे. घरीं बसून ग्रंथ लिहिणारा लेखक शंभरावें पान लिहितांना दहावें पान बदलूं शकतो. पात्राचें नांव आवडलें नाहीं तर खोडतो, एखादें प्रकरण फाडून टाकतो, महिना महिना लेखणी खालीं ठेवतो. हप्त्यानें लिहिणारास यांतील एकही सवलत नाहीं. गेल्या आठवड्यांत जें छापलें गेलें तें पाथरवटाच्या घावासारखें कायमचें झालें. चौथ्या हप्त्यांत एखादी म्हातारी आंधळी आहे असें सहज लिहून गेलें, तर चाळिसाव्या हप्त्यांत तिला सुईंत दोरा ओंवतां येत नाहीं. इकडे छापखान्यांत खिळे जुळविणारा मजकुराची वाट पाहत बसलेला असतो. घरीं आजार असो, मन उदास असो, कथेचा धागा सांपडत नसो, ठरलेल्या वारीं अंक निघावाच लागतो. स्फूर्तीची वाट पाहण्यास येथें अवसर नाहीं. धीर म्हणजे स्वस्थ बसून वाट पाहणें, असा या शब्दाचा अर्थ आपण करतों. हरिभाऊंचा धीर निराळा होता. तो दर आठवड्यास मोडूं न देण्याच्या व्रतासारखा होता.

या व्रताचें फळ काय मिळालें, तें यमूच्या कथेंत दिसतें. यमूचें बालपण, आईबापांचें घर, भावाचें प्रेम, सासरची माणसें, शिकलेल्या नवऱ्याची संगत, मुंबईच्या बिऱ्हाडांतील थोडासा सुखाचा काळ, आणि मग वैधव्य. इतकीच ही कथा आहे. ती चार पानांत सांगतां आली असती. एखाद्या निबंधांत ती चार ओळींतही येते, आणि तशा निबंधांची त्या काळीं वाण नव्हती. परंतु निबंध वाचून ज्याचें मन बदललें नाहीं, तो गृहस्थही यमूच्या घरांतील भांडणें, सणवार, आजीचीं बोलणीं आणि सासऱ्याची जरब आठवड्याआठवड्यानें वाचीत राहिला. एकानें वाचावें आणि घरांतील इतरांनीं ऐकावें, अशी रीत त्या काळीं अनेक कुटुंबांत होती. १८९० पासून १८९३ पर्यंत यमू अशी दर आठवड्यास घरीं येत राहिली. घरांतील मुली तेवढ्या काळांत खरोखरच तीन वर्षांनीं मोठ्या झाल्या, कांहींचीं लग्नें झालीं, कांहीं सासरीं गेल्या. आणि यमूही त्यांच्याबरोबरच वाढली. म्हणून जेव्हां यमूचें जबरीनें केशवपन करण्यांत येतें, तेव्हां तो कोणा एका विधवेवर झालेला जुलूम राहत नाहीं. ज्या मुलीस आपण तीन वर्षें ओळखतों, तिच्यावर तो झालेला असतो.

कादंबरीच्या सावकाश चालीचें मर्म येथें आहे. लेखकानें घेतलेला वेळ वाया जात नाहीं. तो वाचकाच्या ओळखीच्या रूपानें ग्रंथांत उतरतो. हरिभाऊंनीं यमूची कथा घाईनें सांगितली असती, तर तिच्याविषयीं दया उत्पन्न झाली असती. ओळख झाली नसती. दया दुसऱ्या दिवशीं ओसरते, ओळख मात्र टिकते.

ही कथा चालू होती तीं वर्षेंही साधीं नव्हतीं. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८९० सालीं मुंबईहून पुण्यास आलें होतें. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून महाराष्ट्र दुभंगला. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. सभांतून आणि पत्रांतून हा कोलाहल चाललेला असतां 'करमणुकी'च्या पानांवर एक मुलगी आपल्या लहानपणच्या आठवणी हळूहळू सांगत होती. तिला उत्तर देणें कोणास शक्य नव्हतें, कारण ती वादच घालीत नव्हती.

ही एकच कादंबरी हरिभाऊंच्या डोक्यांत होती असेंही नाहीं. ती संपण्यापूर्वींच 'यशवंतराव खरे' सुरू झाली, आणि १८९३ पासून 'मी' ही देशकार्यास वाहून घेणाऱ्या तरुणाची कथा चालू झाली. दोन कुटुंबांचे संसार एका वेळीं सांभाळावे तसे त्यांनीं हे दोन कथांचे संसार सांभाळले. १८९५ पासून त्यांत 'उषःकाल' ही शिवकालाच्या आरंभावरील विस्तीर्ण कादंबरी आली आणि १८९७ पर्यंत चालली. त्याच काळांत पुण्यावर प्लेगचें संकट कोसळलें आणि गांव ओस पडूं लागलें. अशा दिवसांत अडीचशें वर्षांपूर्वींच्या मावळांत मन स्थिर ठेवणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

शिवाय हरिभाऊ हे केवळ लेखक नव्हते. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं पुण्यास आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. जुन्या संस्कृत पोथ्या मिळविणें, त्यांचे पाठ ताडून पाहणें आणि शुद्ध ग्रंथ छापणें हें तिचें काम. या संस्थेची व्यवस्था हरिभाऊंकडे होती. पुढें पुणें नगरपालिकेच्या कारभारांतही त्यांनीं लक्ष घातलें आणि तिचें अध्यक्षपदही भूषविलें. एका बाजूस एकेका अक्षरासाठीं चार पोथ्या उलगडून पाहण्याचें काम, आणि दुसऱ्या बाजूस येत्या अंकासाठीं आजच्या आज प्रकरण लिहिण्याचें काम. हीं दोन्ही कामें एकाच माणसाच्या दिवसांत बसत होतीं. फुरसत मिळाली म्हणजे कादंबरी लिहूं असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. हरिभाऊंस फुरसत मिळाली नाहीं. त्यांनीं ती दर आठवड्यास थोडीथोडी काढली.

या पद्धतीचे दोष झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे. वाचकांस उद्देशून केलेलें निवेदन पुष्कळदां लांबतें. कथानक मध्येंच सोडून लेखक दुसऱ्या पात्राकडे वळतो, आणि पहिलें पात्र कोठें उभें होतें याची आठवण त्याला पुन्हां करून द्यावी लागते. पुस्तक म्हणून एकटाकी वाचणारास हें खटकतें. पण आठवड्याचें अंतर ठेवून वाचणारास त्याचीच गरज होती. याहून मोठा दोष म्हणजे अपुरेपणा. 'सूर्यग्रहण' आणि 'कालकूट' या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनीं आरंभिल्या, पुष्कळ लिहिल्या, आणि त्या शेवटास गेल्या नाहींत. जो वाचक महिनोनमहिने अंकाची वाट पाहत होता, त्याच्या हातीं अर्धी गोष्टच राहिली. हप्त्याचें व्रत जसें लिहवून घेतें, तसें थकवितेंही. हें दैव एकट्या हरिभाऊंचें नव्हे. इंग्लंडांत डिकन्सनें १८३६ पासून 'पिक्विक' महिन्यामहिन्यानें देऊन सारा देश वेडा केला. त्याचीही शेवटची कादंबरी १८७० सालीं त्याच्या मृत्यूनें अर्ध्यावरच थांबली. बाणभट्टास निदान मुलगा तरी होता.

तथापि अपुऱ्या कामांची ही मोजदाद येथेंच थांबवितां येत नाहीं. १९१२ सालीं वऱ्हाडांत अकोला येथें भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद हरिभाऊंस मिळालें. त्या वेळीं 'कालकूट' थांबून फार दिवस झाले नव्हते. मानसन्मान मिळाला, वय झालें, आतां लेखणी ठेवली तरी कोणी दोष दिला नसता. परंतु १९१३ सालीं त्यांनीं 'वज्राघात' आरंभिली. विजयानगरच्या साम्राज्याचा १५६५ सालच्या लढाईंत झालेला नाश हा तिचा विषय. पन्नाशीच्या उंबरठ्यावर घेतलेलें हें काम त्यांनीं १९१५ पर्यंत पुरें केलें. दोन कामें हातून सुटल्यावर तिसरें तितकेंच मोठें काम घेण्यास जो धीर लागतो, तो पहिल्या कादंबरीच्या वेळीं लागणाऱ्या धीरापेक्षां अधिक किंमतीचा होय. तरुणाला आपण अपयशी होऊं हें ठाऊक नसतें. हरिभाऊंस तें पक्कें ठाऊक होतें.

सर्वच कादंबरीकार या वाटेनें जातात असें नाहीं. फ्रान्सांत फ्लोबेर यानें 'मादाम बोव्हारी'साठीं १८५१ पासून जवळजवळ पांच वर्षें एकेका वाक्याशीं झुंज घेतली. रशियांत टॉल्स्टॉय यांस 'युद्ध आणि शांति' लिहावयास १८६३ ते १८६९ असा काळ लागला, आणि त्यांची पत्नी त्या हस्तलिखिताच्या प्रती पुनःपुनः उतरून देत होती. उलट मराठींत भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची 'कोसला' पंचविशींतील तरुणानें अगदीं थोड्या दिवसांत लिहून काढलेली आहे. हें उदाहरण धीराच्या महतीस बाध आणतें काय? तसें वाटत नाहीं. 'कोसला'तील गांव आणि कॉलेज लिहिण्यास जरी थोडे दिवस लागले, तरी तें मनांत सांठविण्यास लेखकाचें सारें तारुण्य खर्चीं पडलें होतें. त्याच लेखकाची 'हिंदू' ही कादंबरी वाचकांनीं कित्येक वर्षें वाट पाहिल्यावर २०१० सालीं प्रसिद्ध झाली. कोणी कागदावर थांबतो, कोणी कागदाला हात लावण्यापूर्वीं थांबतो. थांबणें कोणास चुकत नाहीं.

नागऱ्याच्या परिसरांतील वाचकांस याहून जवळचें एक उदाहरण आहे. गोंदियावरून पूर्वेस जाणाऱ्या लोहमार्गावर रायपूर आहे. तेथें १८८४ सालीं श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म झाला. मराठी ज्ञानकोशाचे तेवीस खंड हें त्यांच्या आयुष्याचें मुख्य काम. त्या कामाच्या ऐन धामधुमींत, १९२६ सालीं, त्यांची 'गोंडवनांतील प्रियंवदा' ही कादंबरी निघाली. केतकरांच्या कादंबऱ्यांची बांधणी सैल आहे अशी टीका होते, आणि ती निराधार नाहीं. समाजशास्त्राचा जो विचार ज्ञानकोशाच्या लेखांत मावत नव्हता, त्याला त्यांनीं कादंबरींत जागा दिली. परंतु मराठी कादंबरी पुण्या-मुंबईच्या वाड्यांतून निघून गोंडवनाकडे पाहूं लागली, याचें श्रेय त्यांना दिलें पाहिजे. आणि येथेंही फुरसतीचा प्रश्न आलाच नाहीं. कोशाच्या खंडांमधून जो वेळ उरला, त्यांतच हें लिहिलें गेलें.

'करमणूक' १९१७ सालीं बंद पडली. ३ मार्च १९१९ रोजीं हरिभाऊ पुण्यास वारले. पंचावन्न वर्षें पुरीं होण्यास त्यांना पांच दिवस उरले होते. त्यांच्या मागें पुऱ्या कादंबऱ्यांबरोबर अपुऱ्या कादंबऱ्याही राहिल्या, आणि त्यांच्या नांवाचा विचार करतांना दोन्हींची गणना करणें न्याय्य आहे. अपुऱ्या कृति नसत्या, तर पुऱ्या झालेल्या कृति कोणत्या धोक्यांतून पार पडल्या हें आपणांस समजलें नसतें.

आज यमूची कथा एका जाड पुस्तकांत बांधलेली मिळते. मनांत आणलें तर ती तीन-चार दिवसांत वाचून होते. परंतु एखाद्या घरानें ती पूर्वींच्या रीतीनें वाचून पाहावी. दर आठवड्यास एकच प्रकरण, रात्रीचीं जेवणें झाल्यावर, एकानें वाचावें आणि बाकीच्यांनीं ऐकावें. पुढें काय झालें म्हणून मुलांनीं विचारलें, तर पुस्तक मिटून ठेवावें. वर्षभरानें त्या घरांत यमूविषयीं जें बोलणें होईल, तें एखाद्या दूरच्या नात्यांतल्या मुलीविषयीं व्हावें तसें होईल. हरिभाऊंनीं तीन वर्षें कशासाठीं खर्चिलीं, याचें उत्तर त्या बोलण्यांत मिळेल.